टॉकीज हराम, जागा हलाल?

आमच्या गोंदियात बंद टॉकीज मुलीच्या वाट्याला येऊ द्या आणि ती व तिचा नवरा ‘आम्ही चालवतो’ म्हणू द्यात, लगेच बैठक बसेल. सिनेमाची कमाई हराम, बेटी, हक माफ कर! मग त्याच जागेवर भावाचं कॉम्प्लेक्स. सूरह निसाच्या ७व्या आयतीत आईवडिलांच्या मालमत्तेत, थोडी असो की फार, स्त्रीचा वाटा ठरलेला आहे. माफी मागणारे रात्री मोबाइलवर काय बघतात, ते मला ठाऊक आहे.

चालणार नाही म्हणता? पुण्यातली १९३४ची प्रभात टॉकीज २०१४च्या अखेरीस किबे कुटुंबाकडे परत आली, ‘किबे लक्ष्मी’ नावाने पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०२५पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. हिशेब त्या दोघांना करू द्या की. सही आधीच कशाला मागता?