भाव चढला की तुम्ही येता

केंद्रातल्या आणि राज्यातल्या सरकारास,



मी नाशिक जिल्ह्यातला कांदा उत्पादक. नाव लिहीत नाही. निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा या पट्ट्यातल्या कुणीही हे पत्र लिहिलं असतं, तरी मजकूर हाच राहिला असता. दोन्ही सरकारांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण मुंबईत गाऱ्हाणं मांडलं की दिल्लीकडे बोट दाखवलं जातं, आणि दिल्लीपर्यंत आमचा आवाज पोचतच नाही.

तुम्हाला काही नवीन सांगायचं नाही. लासलगावचा भाव रोज तुमच्या टेबलावर येतो, पेरा किती झाला ते तुम्हाला कळतं, चाळीत माल किती आहे त्याचाही अंदाज असतो. सगळं माहीत असताना तुम्ही आमच्याशी असं का वागता, एवढंच विचारायचंय.

7 डिसेंबर 2023 ची अधिसूचना आठवते ना? दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद. लाल कांदा नुकता कुठे मार्केटला यायला लागला होता. पावसाने दगा दिलेल्या वर्षात ज्यांनी टँकरच्या पाण्यावर पीक जगवलं, त्यांच्या हातात दोन पैसे यायची ती वेळ होती. आदल्या दिवशीचा भाव बघून लोकांनी रात्री ट्रॉल्या भरून ठेवलेल्या. सकाळी मार्केटला गेलो तर लिलाव बंद. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी बसले, मोठमोठे नेते आले, भाषणं झाली. पुढच्या दीड महिन्यात भाव निम्म्याच्याही खाली आला.

एक दिवस आधी सांगता आलं नसतं का? निदान जो माल बंदराच्या वाटेवर होता, तो तरी जाऊ द्यायचा होता.

तेव्हा तुम्ही म्हणालात, बंदी 31 मार्चपर्यंत आहे. आम्ही त्या तारखेवर विश्वास ठेवला. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांदा लावला तो याच हिशोबाने, की एप्रिलमध्ये काढणी होईल तोवर निर्यात मोकळी झालेली असेल. मजुरी, रोपं, खतं, सगळं त्या एका तारखेच्या भरवशावर उधार आणलं. आणि मार्च संपायच्या आत तुमचा नवा आदेश आला की बंदी पुढील आदेशापर्यंत कायम.

पाऊस फसवतो, ते आम्ही समजून घेतो. त्याने कधी लेखी तारीख दिलेली नसते. तुम्ही दिली होती.

त्याच एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टन निर्यातीची परवानगी मिळाली. तिथल्या शेतकऱ्याचा आम्हाला हेवा नाही, त्यालाही त्याच उन्हात राबावं लागतं. पण मग आमच्या कांद्याने काय पाप केलं होतं? ओरड झाल्यावर तुम्ही सांगितलंत की सहा देशांना मिळून 99,150 टन कांदा पाठवायला मंजुरी दिलेली आहे. तो आकडा म्हणजे आधीच्याच मंजुऱ्यांची बेरीज होती, हे गावातल्या पोरांनी मोबाईलवर शोधून दाखवलं. अखेर 4 मे 2024 ला बंदी उठली, तीही टनामागे 550 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि वर 40 टक्के शुल्क लावून. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मे ला होतं. तारखा आम्हालाही जुळवता येतात.

निकाल लागल्यावर तुमच्याच नेत्यांनी जाहीरपणे मान्य केलं की कांद्याने फटका दिला. वाटलं, आता तरी समजलं. प्रत्यक्षात 40 टक्क्यांचं शुल्क 20 टक्क्यांवर यायला विधानसभेच्या तोंडावरचा सप्टेंबर उजाडला आणि उरलेले 20 टक्के 31 मार्च 2025 पर्यंत तसेच राहिले. त्यातल्या शेवटच्या महिन्यांत भाव पुन्हा उतरला होता. तेव्हा शहरात कांदा महाग नव्हता, कुणाची तक्रार नव्हती. मग ते शुल्क कुणासाठी ठेवलं होतं?

याआधीचंही विसरलेलो नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये तुम्ही म्हणालात, 2022 पर्यंत शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट करू. जून 2020 मध्ये अध्यादेश काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या यादीतून मोकळं केलंत. शेतकरी आता माल कुठेही विकायला स्वतंत्र आहे, असं सांगितलंत. कृषी कायद्यांवरून देशभर काय वाद झाला तो झाला. पण खरं सांगतो, त्या वेळी आमच्या भागात कितीतरी जणांना हे मनापासून पटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही दुसरं काय मागत होतो? 1980 साली चाकणला शरद जोशींच्या मागे कांदा उत्पादक रस्त्यावर बसले, तेही मालाला रास्त भाव मिळावा म्हणूनच.

14 सप्टेंबर 2020 ला तुम्ही निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी, 15 सप्टेंबरला, लोकसभेत जीवनावश्यक वस्तू कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली. एका हाताने शेतमाल मोकळा करत होतात आणि आदल्याच दिवशी दुसऱ्या हाताने कांदा बांधला होता. बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकले, जेएनपीटीला कंटेनर अडकले. त्यात सडला तो आमचा माल होता आणि गेली ती आमची पत होती.

पत गेल्याचं नुकसान तुमच्या कुठल्याच फायलीत धरलेलं नसतं. बांगलादेश तेव्हा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. 2019 ला आपण असाच अचानक कांदा थांबवला, तेव्हा तिथल्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत भर कार्यक्रमात म्हणाल्या होत्या की निदान आधी कळवायचं तरी, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न वापरता रांधायला सांगितलंय. लोक हसले. पण दर वर्षी दगा देणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक किती दिवस येईल? बांगलादेशने स्वतःचा कांदा वाढवायला घेतला. आखातात आमच्या जागी पाकिस्तानचा, इजिप्तचा माल उभा राहिला. आता तुम्ही निर्यात खुली केली तरी घेणारा पूर्वीसारखा उरलेला नाही. ते बाजार आमच्या आधीच्या पिढीने आणि इथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून मिळवले होते.

आता भाव पडतो तेव्हाचं बोलू.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या मार्केटला एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा नेला. किलोला 1 रुपया भाव लागला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हिशोबपट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात आला 2 रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर त्या चेकचा फोटो फिरला. तुम्ही हळहळलात. त्या आठवड्यात रात्रीतून एखादी अधिसूचना निघाली का? भाव 40 रुपयांवर गेला की ज्या वेगाने कागद हलतो, त्याच्या चौथ्या हिश्शाने तरी हलला का?

विधानसभेत गदारोळ झाल्यावर क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर झालं, तेही 200 क्विंटलच्या मर्यादेत. मग सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद हवी म्हणालात. ज्याचा फोन चालला नाही, ज्याच्या शिवारात रेंज नव्हती, तो अडला. विकलेल्या मालाची पट्टी हातात असूनही तलाठ्याकडे खेटे घालावे लागले. पैसे जमा व्हायला सुरुवात झाली तेव्हा सप्टेंबर आला होता. तोपर्यंत सोसायटीचं व्याज चढलं होतं, आणि अनुदानाच्या आधी, ऑगस्टमध्ये, 40 टक्के निर्यात शुल्क येऊन धडकलं होतं.

तुम्ही कधी ऑगस्टमध्ये कांद्याची चाळ पाहिलीय? एकदा या. पावसाळी हवेत चाळीच्या जवळ गेलं की आधी वास येतो. खालच्या थरातून पाणी सुटलेलं असतं. बायका सकाळपासून बसून माल निवडतात. चांगला एकीकडे, गोल्टी एकीकडे, काजळी धरलेला वेगळा, कोंब फुटलेला वेगळा आणि सडलेला थेट उकिरड्यावर. चार-पाच महिने साठवला की मालाचा तिसरा हिस्सा तरी सड आणि घट खाऊन जाते. एप्रिलमध्ये न विकता चाळीत भरला, म्हणून तुम्ही आम्हाला साठेबाज म्हणता. पण तो तसा भरून ठेवला नाही, तर ऑक्टोबरपर्यंत देशाने खायचं काय? देशाचा जवळपास 70 टक्के कांदा याच रब्बीच्या हंगामात येतो. तो सांभाळण्याची सगळी जोखीम आमची, आणि दोन पैसे जास्त मिळायचा दिवस उगवला की तुमची अधिसूचना.

तुम्ही म्हणाल, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था लाखो टन कांदा खरेदी करतात की. करतात. पण तो बफर साठा कशासाठी आहे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून 1,600 टन कांद्याची गाडी दिल्लीला रवाना झाली. कांदा एक्स्प्रेस नाव दिलं होतं तिला. दिल्लीत 35 रुपये किलोने विक्री चालू होती. भाव खाली आणायला रेल्वे धावते. आमचा भाव वर आणायला आजवर काय धावलं? आणि ही खरेदी मार्केटच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, उघड्या लिलावात का होत नाही? ही मागणी किती वर्षं करायची?

शहरातल्या माणसाशी आमचं भांडण नाही. रिक्षावाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या ताटात कांदा असलाच पाहिजे. तुम्ही मात्र दर वेळी तिला आणि आम्हाला एकमेकांसमोर उभं करता. ती 100 रुपयांचा कांदा घेते, तेव्हा त्यातले साधारण 36 रुपये शेतकऱ्याला मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासातला हा आकडा आहे. उरलेल्या 64 रुपयांना तुम्ही हात लावत नाही. हात लागतो तो आमच्या 36 ला. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाय ना? जरूर द्या. 80 कोटी लोकांना धान्य देता तसा बाजारभावाने विकत घ्या आणि तिजोरीतून फरक भरून स्वस्तात विका. त्या स्वस्ताईचं बिल फक्त आमच्या नावावर का फाडता?

राज्य सरकारलाही दोन शब्द. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत तुम्ही कर्जमाफी देऊ म्हणालात. सातबारा कोरा होणार, ही भाषा गावोगावच्या सभेत झाली. लोकांनी त्या शब्दावर सोसायटीचा हप्ता थांबवला. पुढच्या मार्चमध्ये तुम्हीच सांगितलंत की 31 मार्चच्या आत कर्ज भरा. ज्यांनी हप्ता थांबवला होता ते थकबाकीदार झाले, त्यांना नवं पीककर्ज मिळेना, आणि गावात चारचौघांत मान खाली घालायची वेळ आली. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे तुम्ही समिती आणि 30 जून 2026 ची तारीख दिलीत. दिलेल्या शब्दाची तारीख मिळवायलासुद्धा रस्ता अडवावा लागतो, हे तुम्हाला शोभतं का?

2025 चा उन्हाळ कांदा मे महिन्यातल्या पावसाने शेतातच भिजला. जो चाळीत पोचला त्याला पुढे हजार-बाराशेच्या वर भाव मिळत नव्हता. आजच्या मजुरीत आणि डिझेलमध्ये क्विंटलला 1,500 रुपयांच्या आत कांदा पिकतच नाही. त्या सप्टेंबरमध्ये आमच्या लोकांनी फोन आंदोलन केलं. आमदार, खासदार, मंत्री, ज्याचा नंबर मिळेल त्याला फोन लावून विचारलं की कांद्याचं काय करताय. माझ्या शेजारच्या पोराने स्पीकरवर लावला होता. पलीकडून आवाज आला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तो पोरगा कृषी पदवीधर आहे. त्याने या वर्षी वडलांना सांगितलं, कांदा बंद करा, मी नाशिकला कंपनीत लागतो. त्याला थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

आम्ही फार मोठं मागत नाही. अनुदान नको, 2 रुपयांच्या चेकवर हळहळ नको. उन्हाळ कांद्याचं उळं आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतो. त्याआधी एक कागद काढा. या हंगामाचा माल संपेपर्यंत निर्यातीवर बंदी येणार नाही, शुल्क किंवा किमान निर्यात मूल्य लागणार नाही, एवढं त्यात लिहा. भाव अमुक एका पातळीच्या खाली गेला तर नाफेड मार्केटच्या ओट्यावर येऊन लिलावात उतरेल, ती पातळीही लिहा. आणि जे लिहाल ते काढणी होईपर्यंत बदलू नका.

ते जमत नसेल, तर तसंही लागवडीआधीच सांगा. म्हणजे कांदा लावायचा की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक कांदा उत्पादक