फळ्यांमागची ओल

जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. सांगली शहरात साधारण एवढा पाऊस अख्ख्या वर्षात पडतो. त्याच आठवड्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, ती 50 फुटांच्याही वर गेली आणि सांगलीच्या नदीकाठच्या वसाहतींत घराघरांत पाणी शिरले. सातारा आणि सांगली हे एकाच नदीच्या खोऱ्यातले दोन शेजारी जिल्हे, पण भिंतींना छळणारे पाणी दोन्हीकडे वेगळे आहे. साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यात ते वाऱ्याबरोबर आडवे येऊन भिंतीवर आपटते. सांगलीच्या काळ्या जमिनीत ते पायातून वर चढते, आणि पुराच्या वर्षी थेट दारातून येते.

असे असताना दोन्हीकडच्या ओल्या भिंतींवर आता एकच इलाज होऊ लागला आहे. एकमेकींत अडकणाऱ्या पीव्हीसीच्या फळ्या आणायच्या आणि भिंत झाकून टाकायची. फळी साधारण दहा इंच रुंद, दहा फूट लांब आणि आतून पोकळ असते. सुतार ज्याला नर-मादीचा सांधा म्हणतात तसा तिच्या दोन कडांना असतो, त्यामुळे एक फळी दुसरीत बसते आणि स्क्रू झाकला जातो. खोली दोन दिवसांत पालटते. घर रिकामे करावे लागत नाही, रंगाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. दर पावसाळ्यानंतर पोपडे खरवडून पुन्हा रंग काढणाऱ्या कुटुंबाला हा मार्ग पटला तर त्यात नवल नाही. फळ्यांना आमचा विरोधही नाही. त्या भिजत नाहीत, कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही, हे सारे खरे आहे. मात्र ‘वॉटरप्रूफ’ हा गुण त्या प्लास्टिकचा आहे. तो मागच्या विटांना आपोआप मिळत नाही. पाणी कुठून येते हे न शोधता फळ्या ठोकल्या, तर भिंत आतल्या बाजूने सुकण्याची जी काही वाट होती, तीही बंद होते.

डोंगरातल्या माणसांनी हे फार पूर्वी ओळखले होते. मे महिना सरत आला की महाबळेश्वर-पाचगणीकडची घरे आणि दुकाने पावसाच्या बाजूने गवताच्या झडींनी झाकली जात. बांबूच्या आधारावर दाट बसवलेले गवत भिंतीच्या बाहेर उभे राही, पाऊस त्यावर आपटे आणि काडीकाडीवरून खाली निथळून जाई. भिंतीपर्यंत पोचलेल्या थोड्याफार पाण्यालाही गवताच्या मागून खाली उतरायला जागा असे. आज गवताऐवजी बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा कागद आणि पत्रा दिसतो, पण आडोसा अजून बाहेरच्याच बाजूला असतो. पाणी भिंतीत शिरण्याआधी अडवायचे आणि अडवणाऱ्या आवरणामागे मोकळी जागा ठेवायची, एवढे त्यामागचे शास्त्र आहे. आतून लावलेली फळी यातले पहिले काम करूच शकत नाही. दुसरे ती करू शकते, पण त्यासाठी ती समजून बसवावी लागते.

कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसराने हे शास्त्र दुर्लक्षिल्याची मोठी किंमत मोजली. 1980 आणि 1990 च्या दशकांत तिथे बांधलेल्या अनेक सदनिकांच्या भिंती इतक्या घट्ट बंद होत्या, की फटींतून आत गेलेल्या पावसाला बाहेर पडायला वाट उरली नाही. आतले लाकूड कुजले, हजारो कुटुंबांची बचत दुरुस्तीत गेली आणि 1998 मध्ये प्रांतिक सरकारला चौकशीसाठी बॅरेट आयोग नेमावा लागला. पुढे तिथल्या बांधकामात बाहेरचे आवरण आणि मूळ भिंत यांच्यामध्ये निथळण्यासाठी पोकळी ठेवण्याची पद्धत रुजली. आपल्या भिंती विटांच्या आणि दगडांच्या आहेत, त्या तशा कुजणार नाहीत. तरीही गिलावा सुटतो, स्लॅबमधली आणि बीममधली सळई गंजते, चौकटी सडतात, आणि अंधाऱ्या ओल्या पोकळीत बुरशी वाढते. घरातली ओल आणि बुरशी यांचा दमा व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे. उघड्या भिंतीवरची बुरशी निदान दिसते आणि पुसता येते.

सांगलीकडचा प्रश्न अधिक चिवट आहे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांत क्षारपड झालेल्या जमिनी शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. घराच्या भिंतीतही हेच घडते. जोत्यावर ओल अडवणारा थर नसेल, किंवा तो फुटला असेल, तर विटेतल्या बारीक छिद्रांतून पाणी तीन-चार फुटांपर्यंत चढते आणि गिलाव्याशी येऊन सुकते. सुकताना क्षारांचे स्फटिक फुगतात, गिलाव्याला आतून ढकलतात आणि भिंतीला लोणा लागतो. अशा भिंतीवर फळ्या नुसत्या चिकटवल्या, तर चिकटद्रव्य गिलाव्याच्या सुटलेल्या पापुद्र्यालाच धरून राहते आणि काही महिन्यांत पापुद्र्यासकट फळी हातात येते. शिवाय खालची बाजू झाकली गेल्यामुळे ओल फळ्यांच्या वरच्या काठाला नवी वाट काढते. पूर्वी दोन फुटांवर थांबणारा डाग मग चार फुटांवर दिसू लागतो आणि घरातले म्हणतात, फळ्या आणखी वरपर्यंत लावायला हव्या होत्या.

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतीला तिरक्या चिरा पाडते. चिरेतून येणारे पाणी आणि पायातून चढणारे पाणी यांचा इलाज एक नाही. चीर बाहेरून बुजवावी लागते. पायातल्या ओलीसाठी जोत्याभोवतीची माती खाली घेणे, पागोळ्यांचे पाणी दूर नेणे, नहाणीच्या नळाची गळती थांबवणे आणि सुटलेला सिमेंटचा गिलावा काढून भिंत मोकळी ठेवणे ही कामे आधी येतात. ही कामे दिवाळीच्या पाहुण्यांना दिसत नाहीत. म्हणूनच ती मागे पडतात.

पूर आलेल्या घरांबाबत तर घाई टाळायलाच हवी. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर या भागांतली घरे दिवसच्या दिवस पाण्यात होती. दिवाळी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. सणाआधी घर नीटनेटके व्हावे ही ओढ कोणालाही कळेल. उद्ध्वस्त झालेल्या घरात पहिला दिवा लावायचा असतो. पण बांधकामाच्या जगात एक जुना ठोकताळा आहे: भिजलेल्या भिंतीला सुकायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना लागतो. म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंतीला नऊ महिने. ऑगस्टमध्ये भिजलेली भिंत ऑक्टोबरात कोरडी दिसते, कारण वरचा थर तेवढा सुकलेला असतो. त्यावर फळ्या बसवल्या की आतले पाणी आतच कोंडते.

पूररेषेत येणाऱ्या घरात फळ्या लावायच्याच असतील, तर जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा भाग वेगळा, सहज सोडवता येईल असा ठेवावा. पुराचे पाणी सांध्यांतून आणि खालच्या काठाने फळ्यांच्या मागे आणि पोकळ कप्प्यांत शिरते आणि गाळ सोडून जाते. तो गाळ फळी उतरवल्याशिवाय धुता येत नाही. स्क्रूने बसवलेली फळी उतरवून, धुऊन, सावलीत सुकवून परत लावता येते. गोंदाने चिकटवलेली फळी तुटूनच निघते.

फळ्या घेण्याआधी एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. ओलीच्या जागी प्लास्टिकचा दीड फुटी चौकोनी कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसते आहे. तिथे खिडकी, झरोका किंवा पंखा अधिक उपयोगी पडेल. डागाची जागाही बरेच सांगते. जुलै-ऑगस्टमध्येच पश्चिमेच्या भिंतीवर उमटणारा डाग पावसाचा. बाराही महिने टिकणारा, न्हाणीघराच्या मागचा डाग नळाचा. तळाशी सलग पट्टा असेल तर तो जमिनीचा.

मग बसवण्याची वेळ. फेब्रुवारी ते मे हे महिने सर्वांत योग्य, कारण भिंत तोवर जमेल तेवढी सुकलेली असते. सुटलेला गिलावा खरवडून, भिंत झाडून घ्यावी. फळ्या थेट भिंतीला न चिकटवता आधी गंज न धरणाऱ्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या दीड ते दोन फुटांवर ठोकाव्यात. साध्या लाकडाच्या पट्ट्या ओल्या भिंतीवर वाळवीला आमंत्रण देतात. फळ्या उभ्या लावायच्या तर पट्ट्या आडव्या येतात आणि सलग आडवी पट्टी हवेचा रस्ता अडवते. म्हणून तिच्यात मध्ये मध्ये खंड ठेवावेत. ही बारीकशी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. पहिली फळी ओळंब्याने तपासावी, आणि पुढेही दर चार-पाच फळ्यांनंतर, कारण कोपऱ्यातली जराशी चूक दुसऱ्या टोकाला बोटभर होते.

पीव्हीसी उन्हाने वाढते. तीन मीटरची फळी वीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते, म्हणून दोन्ही टोकांना पाच मिलिमीटर जागा सोडावी आणि ती कडेच्या पट्टीने झाकावी. एप्रिलच्या उन्हात बसवलेली फळी थंडीत आखडणार हे धरून कडेची पट्टी पुरेशी रुंद घ्यावी. ओलीचा धोका असलेल्या भिंतीवर खालचा आणि वरचा काठ सिलिकॉनने बंद करू नये. न्हाणीघरात मात्र उलटे: तिथे पाणी पुढून येते, म्हणून कोपरे, तळ आणि नळाभोवतीची भोके नीट भरावीत, आणि तीही मागची भिंत कोरडी असल्याची खात्री करूनच. वीजफलकाचे डबे फळीच्या पातळीपर्यंत पुढे आणावेत; फळीमागे उघडी वायर राहता कामा नये. गॅसच्या शेगडीमागे या फळ्या लावू नयेत. सत्तर-ऐंशी अंशांना पीव्हीसी मऊ पडते आणि जळाले तर घशाला, फुप्फुसांना बाधणारा हायड्रोजन क्लोराईड वायू सोडते. तिथे फरशीच हवी.

वाई, मेणवली किंवा कऱ्हाडच्या जुन्या पेठांतल्या मातीच्या भिंतींना या फळ्या लावूच नयेत असे आमचे मत आहे. त्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, त्यांच्या पोटात लाकडी खांब असतात, आणि खांब कुजल्याचे फळ्यांमागून कळत नाही. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा हाच त्यांचा इलाज.

हे सारे सांगायला गावोगावी माणूस हवा. सध्या फळ्या विकणारा आणि बसवणारा, दोघेही भिंत झाकण्याच्या बाजूचे असतात. ‘आधी सहा महिने थांबा’ म्हणण्याने त्यांचे काम जाते. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947 पासून आहे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून. त्यांच्या स्थापत्य विभागाच्या विद्यार्थ्यांनी दर मार्च-एप्रिलमध्ये काही वसाहती निवडून घरोघरच्या ओलीची पाहणी केली, तर विद्यार्थ्यांचा अभ्यास होईल आणि रहिवाशांना कोणाचाही माल न विकणारा सल्ला मिळेल. दोन्ही जिल्ह्यांतल्या आयटीआयनी फळ्या बसवणाऱ्या कारागिरांसाठी थोड्या दिवसांचे वर्ग काढावेत आणि त्यांत आधी ओल ओळखायला शिकवावे, नंतर फिटिंग. आणि सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेने पूररेषेतल्या प्रत्येक घरी मराठीत एक पान पोचवावे: पूर ओसरल्यावर भिंत किती महिने उघडी ठेवायची, खालच्या चार फुटांत काय वापरायचे, आणि वीजजोडणी कोणाकडून तपासून घेतल्याशिवाय सुरू करायची नाही.