हरला की बग!

बंगळुरूत एचएसआर लेआउटच्या सत्ताविसाव्या मेनवर कॉफीबरोबर एक सिद्धांत हल्ली हमखास ऐकायला मिळतो. मांडणारे गृहस्थ दिवसा ॲप बनवतात आणि रात्री संगणकावर रणगाडे हाकतात. सिद्धांत असा, की सिम्युलेटरमध्ये मनाविरुद्ध जे घडेल तो बग. गोळा चिलखतावरून घसरला, बग. रणगाडा चिखलात रुतला, बग. शत्रू दुर्बिणीत दिसत असूनही गोळा मधल्या बांधावर आदळला, तोही बग. स्वतः जिंकले की मात्र गेम एकदम ‘रिअ‍ॅलिस्टिक’ होतो.

त्यांचा सगळ्यात जास्त राग टी-७२वर. रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने धावणारा हा रणगाडा मागे घेताना ताशी जेमतेम चार किलोमीटरने सरकतो. तेवढ्यात समोरचा निवांत नेम धरतो आणि साहेबांचा खेळ खलास. ‘एवढी साधी चूक पॅचमध्ये दुरुस्त करता येत नाही?’ अहो, दुरुस्त काय करायचं? टी-७२ला पुढचे सात गियर आणि मागचा एकच, आणि तो खरोखरच इतका मंद आहे. आपल्या लष्करातला ‘अजेय’ म्हणजे हाच रणगाडा. तो बनवणाऱ्यांनी लाटेसारखं पुढे घुसायचं गृहीत धरलं. बुटका, हलका, तीन माणसांत चालणारा रणगाडा हवा म्हणून बाकीच्या गोष्टींवर पाणी सोडलं. त्याची तोफ खाली झुकते ती सहाएक अंशच, त्यामुळे टेकडीआडून फक्त डोकं काढून मारणंही अवघड. जर्मन लेपर्ड-२ मागेसुद्धा ताशी ३० किलोमीटरने पळतो. मग लेपर्ड घ्या! टी-७२ निवडायचा, लेपर्डसारखा खेळवायचा आणि मेलो की बगचं तिकीट टाकायचं, हा कुठला न्याय? ॲपमध्ये बटण दोनदा दाबावं लागलं तर तो दोष. रणगाड्यात अडचणी हाच अभ्यासक्रम असतो.

रुतण्याचं म्हणाल तर सप्टेंबर १९६५ची असल उत्तरची लढाई वाचा. खेमकरणजवळची शेतं भारतीय सैन्याने पाण्याने भिजवून ठेवली होती. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे तिथे फसले आणि उभ्या उसाआडून आपल्या सेंच्युरियन-शर्मननी त्यांना टिपलं. शंभराच्या घरात रणगाडे गेले. कागदावर पॅटनच सरस होता. पण पॅटनमधल्या कुणी चिखलाविरुद्ध तक्रार नोंदवल्याचं ऐकिवात नाही.

घसरणाऱ्या गोळ्याला शाळेतली त्रिकोणमिती पुरे: ६० अंश कललेला ४५ मिलिमीटरचा पत्रा समोरून ९० भरतो. आणि बांधाचं कारण हे, की दुर्बीण तोफेच्या नळीच्या वर बसवलेली असते.

खरे बग नसतातच, असं कोण म्हणतंय? दगडाला धडकून रणगाडा आभाळात उडाला तर जरूर बोंबला. पण बोंबलताना पुरावा आणा. २०२१मध्ये एका खेळाडूने चॅलेंजर-२ रणगाड्याचं गेममधलं रूप चुकलंय हे दाखवायला गोपनीय पुस्तिकेची पानंच उघड केली. गुन्हाच तो, पण निदान ‘मला वाटतं’ यावर काम भागवलं नाही.

मागायचंच असेल तर एक मागा: लढाई संपल्यावर गोळा कुठून आला, कशावर आदळला, आत काय मोडलं हे दाखवा. ‘स्टील बीस्ट्स’ या सिम्युलेटरमध्ये झालेली लढाई पुन्हा बघता येते, आणि त्याची लष्करी आवृत्ती कित्येक सैन्यं प्रशिक्षणाला वापरतात. हे मिळालं की निम्मी तिकिटं आपोआप बंद होतील.

आणि एकदा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. ते जमेपर्यंत टी-७२ टेकडीचा माथा ओलांडून नेऊ नका; परत यायला वेळ लागतो.