महागाई खरी, पण सकस ताट अशक्य नाही

‘महागाईत सकस जेवण परवडत नाही’ हे गेल्या अंकातलं पत्र वाचलं. महागाईची झळ आम्हालाही लागते, पण निष्कर्ष पटला नाही. पाव किलो मटकी भिजवून फडक्यात बांधली की मोड येऊन दुपटीहून जास्त होते. आमच्या ५ माणसांची एक वेळची उसळ होते, उरलेल्या मटकीची दुसऱ्या दिवशी आमटी. मोडांनी क जीवनसत्त्व वाढतं. वर लिंबू पिळलं की लोहही अंगी लागतं. मुळ्याचा पाला फेकू नका. लसणाच्या फोडणीत परतून, डाळीचं पीठ पेरून केलेली ती भाजी मुलं ज्वारीच्या भाकरीशी चाटूनपुसून खातात. पाकीटबंद खाऊचे पैसे आधी कडधान्याकडे वळवा, ही कळकळीची विनंती.

– एक गृहिणी, सोलापूर