कचरा कोणाचा, त्रास कोणाला?

मुलांनो, घरातला कचरा दाराबाहेर गेला की तो संपला, असे आपल्याला वाटते. पण तो संपत नाही. आपल्या पापडीसारख्या गावांचा आणि शहरांचा कचरा गाडीतून गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर जाऊन साठतो.

रस्त्यावर फेकलेला कचरा तर आपल्याजवळच राहतो. प्लॅस्टिकमुळे गटारे तुंबतात. फेकलेल्या डब्यांत व टायरांत पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास वाढतात. आजार कोणालाही होतो. पण रोजंदारीवरचा मजूर आजारी पडला, तर औषधाचा खर्च वाढतो आणि मजुरीही बुडते.

कचरा वेचणाऱ्यांचे हाल याहून अधिक. खरकट्यात लपलेली फुटकी काच त्यांचे हात कापते. पुण्यात १९९३ साली त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. त्यांच्या कष्टांना मान मिळाला.

माझ्या मते, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे हा इन्साफ आहे. आपल्या कचऱ्याने दुसऱ्याचा हात का कापावा? आजच घरी दोन डबे ठेवा आणि फुटकी काच कागदात गुंडाळून वेगळी द्या.