दुकानावर भरवसा, अंजुमनवर संशय

२०२३ साली संसदेने जनविश्वास कायदा मंजूर केला. ४२ केंद्रीय कायद्यांमधल्या १८३ तरतुदी त्याने फौजदारी गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढल्या. एखादा कागद उशिरा भरला म्हणून व्यापाऱ्याला तुरुंगाची भीती दाखवू नये, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीतून मोकळे केले होते. फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आली. आधार क्रमांक टाकायचा, धंद्याची माहिती स्वतःच जाहीर करायची, कागदपत्र जोडायचे नाही, फी नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने बेकरी टाकली तेव्हा हे काम त्याने माझ्यासमोर चहा निवायच्या आत मोबाइलवर उरकले.

याच मुलाने बेकरीऐवजी मोहल्ल्यात वाचनालय काढायचे ठरवले असते तर?

आपल्या राज्यात संस्था काढायची तर साधारणपणे १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि त्याच्या जोडीला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, असे दोन्ही लागू होतात. किमान सात सभासद, घटना, नियमावली. इथवर तक्रार नाही. खरी कसरत नोंदणीनंतरची आहे. विश्वस्तांमध्ये बदल झाला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. विश्वस्त वारला, निवडणूक झाली, कुणी मुलाकडे पुण्याला राहायला गेले, प्रत्येक वेळी चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या माणसांची संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्र. वाद नसेल तर १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता देता येईल, अशी दुरुस्ती २०१७ साली झाली. प्रत्यक्षात आमच्या भागात वर्षानुवर्षे पडून राहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्यातले बरेच कुणाचीही हरकत नसलेले.

मी ते पाहिले, कारण मी उर्दू आणि मराठी शिकवते आणि गावातली माणसे बी.एड. झालेल्या बाईला अर्धा वकील समजतात. "आपा, एवढं मराठीत करून द्या," म्हणून प्रोसिडिंग बुक माझ्या टेबलावर येते. जुने ठराव उर्दूत, सुंदर हस्ताक्षरात. भाषांतर मी करते, पण नावांचे काय करायचे? उर्दूत जे नाव एकाच प्रकारे लिहिले जाते ते मराठीत कुणी अब्दुल रज्जाक लिहितो, कुणी अब्दुर्रज्जाक, कुणी रझाक. आधारवर एक, पॅनवर दुसरे, १९८० च्या नोंदीत तिसरे. ही तिन्ही नावे सत्तरीतल्या एकाच गृहस्थाची आहेत हे सांगायला स्टॅम्पपेपर, नोटरी आणि जिल्ह्याची एक फेरी. 'शेख'चा 'शैख' झाला म्हणून परत आलेला अर्ज मी स्वतः दुरुस्त करून दिला आहे. व्याकरण शिकवणारी मी, पण एका मात्रेला इतके वजन मीही कधी दिले नव्हते!

हे हसण्यावारी नेता आले असते. पण बदल अर्जाचा आदेश हातात नाही तोवर बँक सही करणारी माणसे बदलत नाही. अध्यक्ष वारले, सचिव अंथरुणाला खिळले, खात्यात पैसे आहेत आणि काढायला कुणी नाही. जून येतो. मुलींच्या वह्या, फी, बसचा पास कुणाच्या आदेशासाठी थांबत नाही. मग काय होते? शुक्रवारी नमाजनंतर रुमाल पसरतो, चंदा जमतो आणि एखादे भाईजान तो खिशात घालून दुकानादुकानांत वह्यांचे पैसे देऊन येतात. पावती नाही, ताळेबंद नाही, ऑडिट नाही. माणूस चोख असेल तर सगळे चोख. नसेल तर विचारायचे कुणाला? ज्या कायद्याचा हेतू हिशेब उघडा ठेवण्याचा, त्याच्याच दिरंगाईने पैसा वहीतून खिशात गेला. मला यातली सर्वात मोठी हानी ही वाटते. संस्था बंद पडत नाही, तिची पाटी तशीच राहते. फक्त काम संस्थेकडून एका व्यक्तीकडे सरकते आणि दहा वर्षांनी ती व्यक्तीच संस्था होऊन बसते.

कायदा उगाच आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. विश्वस्तांनी जमिनी विकून खाल्ल्याची उदाहरणे सगळ्याच समाजांत आहेत आणि आपला समाज त्याला अपवाद नाही. स्थावर मालमत्ता विकण्याआधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायला लावणाऱ्या कलम ३६ मुळे कितीतरी जागा वाचल्या असतील. बापाची खुर्ची मुलाला, त्याची नातवाला, हे आपल्या अंजुमनांमध्ये सर्रास चालते आणि निवडणूक मागणाऱ्याला फितनेबाज ठरवले जाते. अशा ठिकाणी मी सरकारी तपासणीच्या बाजूने आहे. पण वर्षाला साठ-सत्तर हजार जमवणारे वाचनालय आणि कोट्यवधींची मालमत्ता असलेला ट्रस्ट यांना एकाच मापाने मोजायचे कशाला?

दिल्लीतून येणारे नियम याच दिशेचे. प्राप्तिकरातली सवलत पूर्वी एकदा मिळाली की राहत असे. आता ठरावीक मुदतीने नूतनीकरण. त्याची पहिली फेरी इतकी अवघड गेली की शेवटची तारीख वाढत वाढत ३० जून २०२४ पर्यंत आली. २०२३ पासून तर मुदत चुकली तर संस्थेच्या मालमत्तेच्या बाजारभावातून देणी वजा करून उरलेल्या रकमेवर सर्वोच्च दराने कर लागू शकतो. दोन खोल्यांच्या वाचनालयाने तो कुठून भरायचा? २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी ही मुदत पाचाची दहा वर्षे केली, ते चांगले झाले.

विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली झालेली दुरुस्ती मात्र सैल झालेली नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, देणगीसाठी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत खाते सक्तीचे केले, आणि एका संस्थेने दुसरीला हा पैसा देण्यावर पूर्ण बंदी घातली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बदल वैध ठरवले. खेड्यातल्या महिला मंडळाकडे स्वतःचा परवाना कधीच नव्हता. त्यांच्याकडे पैसा यायचा तो शहरातल्या मोठ्या संस्थेमार्फत, तिच्याच देखरेखीखाली. ती वाट बंद झाली. परदेशी पैशावर लक्ष ठेवायला माझी हरकत नाही, पण परवानाधारक संस्थेने आपल्या हिशेबात दाखवून मंडळाला दिलेले पैसे लपलेले कसे?

धंद्याला मात्र सगळे मोकळे, असेही नाही. भरवसा कुणावर ठेवायचा हे तिथेही ठरलेले असते. २०१५ साली गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढली. त्यानंतर कायद्याने परवानगी असलेली म्हैस गाडीत घालून निघालेला कुरेशीही रस्त्यावर अडवला जातो आणि कागद दाखवूनही प्रत्येक वेळी सुटत नाही. त्याला जनविश्वासाचे कौतुक सांगायला मी धजणार नाही. वाचनालयाच्या जुन्या देणगीदारांच्या यादीत अशी दोन-तीन दुकाने आहेत. धंदा बसला तशी त्यांची वर्गणीही थांबली.

माझे मागणे फार नाही. ठरावीक रकमेखालच्या संस्थांना बदल अर्जाऐवजी उद्यमसारखी एक पानाची स्वघोषणा करू द्यावी. ती ऑनलाइन सगळ्यांना दिसावी, ३० दिवसांत हरकत आली नाही तर आपोआप पक्की व्हावी आणि बँकेवर ती बंधनकारक असावी. खोटी निघाली तर खुशाल दंड करा. बदल्यात अशा प्रत्येक संस्थेने वर्षाचा जमाखर्च आपल्या दारावर चिकटवावा, मोहल्ल्यातल्या बायांना वाचता येईल अशा भाषेत आणि मोठ्या अक्षरांत. या दुसऱ्या अटीला आमच्या अंजुमनमधूनच जास्त विरोध होईल, हे मला माहीत आहे.