छातीतली जळजळ : गोळी किती दिवस, दुर्बीण केव्हा?

बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानापुढे घटकाभर उभं राहून बघावं. गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक येतं आणि 'पित्ताची एक पट्टी द्या' म्हणतं. चिठ्ठी नाही, त्रास कधीपासून आहे ही विचारपूस नाही. पट्टी खिशात टाकून माणूस एस.टी. गाठतो. बहुतेकांचं त्यावर भागतंही. अडतं ते दोन तऱ्हेच्या लोकांचं. एक, ज्यांना लवकर तपासायला हवं होतं पण पट्टीवर वर्ष काढलं ते. आणि दुसरे, ज्यांना गरज नसताना कुणीतरी शहरात नेऊन नळी घालायला लावली ते.

हा विषय आज काढण्याचं कारण असं की, राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसेही बंद झाले. निर्णय चांगलाच आहे. पण फुकट तपासणी कोणती करून घ्यायची आणि कुठं, हे ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग निम्माच होणार.

आधी दुखणं समजून घेऊ. जठरात आम्ल असतं. जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावर झडपेसारखी गाठ असते. ती सैल पडली की आम्ल वर येतं, छातीत जळजळतं, तोंडाला आंबट पाणी सुटतं. हे रोजचं झालं तर अन्ननलिकेचं आतलं अस्तर सोलवटतं. आपल्याकडं याला सरसकट 'पित्त' म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पित्त म्हटलं की माणूस सोनोग्राफी करून येतो. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात, अन्ननलिकेची सूज दिसत नाही. ती रक्त तपासूनही कळत नाही. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे घास अडकत असेल तर कामाचा, पण नुसती जळजळ आम्लाची आहे का हे त्यावरून ठरत नाही.

मग ठरतं कशावरून? आश्चर्य वाटेल, पण पहिली तपासणी म्हणजे गोळीच. जळजळ आणि आंबट पाणी एवढीच तक्रार असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल जातीची गोळी रोज एक, अशी आठ आठवडे देऊन बघायची, ही आजची मान्य पद्धत आहे. मात्र ती डॉक्टरच्या सल्ल्यानं, आणि जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. आपल्याकडं भाकरी खाऊन झाल्यावर, त्रास सुरू झाला की गोळी टाकतात, आणि मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणतात. ती चुकीच्या वेळेला घेतली, एवढंच असतं पुष्कळदा. (जाता जाता, रॅनिटिडीन हे जुनं औषध केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढलं. आजही सवयीनं तेच मागणारे आहेत.)

शेतकऱ्याची एक वेगळी अडचण आहे. जिथं अजून रात्रीची वीज येते तिथं पाणी धरून माणूस मध्यरात्री घरी येतो, जेवतो आणि लगेच आडवा होतो. आम्ल वर यायला याहून सोयीचं काही नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, असं डॉक्टर सांगतात. ते खरं आहे, पण मोटार रात्री दोनला सुरू होत असेल तर अंतर ठेवायचं कसं? अशानं पाळीवर जाण्याआधी जेवून घेतलेलं बरं.

आता धोक्याची लक्षणं. घास गिळताना अडकणं, उलटीत रक्त येणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी होणं, उलट्या न थांबणं. यातलं एकही असेल तर आठ आठवडे थांबायचं नाही, सरळ दुर्बीण, म्हणजे एन्डोस्कोपी. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरला सांगावं.) आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांना भाकरी अडकायची. ते ती कालवणात कुस्करून खाऊ लागले, पुढं नुसती पेज. वर्षभर घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तंबाखूची सवय जुनी. दुर्बीण केली तेव्हा गाठ निघाली, आणि ऑपरेशनची वेळ गेलेली होती. अडकणारी भाकरी मऊ करून खाणं हा उपाय नव्हे, ते लक्षण आहे.

आणखी एक. छातीत जळजळ आणि त्यासोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चढ चढताना त्रास, असं असेल तर पित्ताची पट्टी शोधत बसू नये. आधी ई.सी.जी. तिथं १०८ ला फोन करायचा.

दुर्बिणीची भीती बरीच आहे. प्रत्यक्षात सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात आणि पाच-दहा मिनिटांत काम होतं. तुकडा काढला तरी दुखत नाही. पण कार्डावर काय लिहिलंय ते समजून घ्यावं. अस्तरावरच्या जखमेला ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्या आहेत. 'ए' म्हणजे पाच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा. तसा तो तक्रार नसलेल्या माणसातही सापडतो, तेव्हा नुसत्या 'ए'वर जन्मभराची गोळी लावून घ्यायची घाई नको. 'बी'पासून पुढं निदान पक्कं धरतात. उलट, दुर्बिणीत सगळं साफ दिसलं म्हणजे आम्लाचा त्रास नाही, असंही नाही. जळजळ असणाऱ्या पुष्कळांचं अस्तर साफच असतं. गोळी महिनोन्महिने चालू असेल तर जखम भरून आलेली असते आणि काही दिसत नाही. म्हणून धोक्याचं लक्षण नसेल तर डॉक्टरला विचारून दोन ते चार आठवडे गोळी थांबवून मग तपासणी करतात. तरीही उलगडा झाला नाही, तर नाकातून बारीक तार घालून चोवीस तास आम्ल मोजतात. ती सोय मोठ्या शहरातच.

गावपातळीवर काय होऊ शकतं? प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त देऊन हिमोग्लोबिन फुकट तपासता येतं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला घास अडकणारे, वजन उतरलेले लोक वेगळे काढता येतात. ही पहिली चाळण गावातच लागली तर जिल्ह्याला नेमके गरजू जातील.

जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र एक मेख आहे. अलीकडच्या वर्षांत जळगाव, नंदुरबार, सातारा, सिंधुदुर्ग, अलिबाग अशा ठिकाणची जिल्हा रुग्णालयं नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली. महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, आणि २०२३ चा मोफतचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा. पाटी बदलली की नियम बदलतो आणि गावाकडच्या माणसाला ते खिडकीवर गेल्यावर कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड दाखवून काम होईल म्हणावं, तर ती योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे.

उपाशीपोटी पहाटेच्या गाडीनं निघायचं आणि तिथं 'आज दुर्बिणीचा वार नाही' ऐकून परत यायचं, हा खेटा ग्रामपंचायतीच्या एका फोननं वाचू शकतो. कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत नंबर लागतो, शुल्क आहे का, डॉक्टरची जागा भरलेली आहे का, एवढ्या चार गोष्टी ग्रामीण रुग्णालयाच्या फलकावर महिन्याच्या महिन्याला लिहाव्यात, अशी मागणी येत्या ग्रामसभेत ठराव करून पाठवता येईल.